डॉ. रेठरेकरांची कोत-रोती

डॉ. रेठरेकर हॉटेलात जेवायला गेले की आधी मेन्यूकार्डावरचा 'करी' हा शब्द लाल पेनने खोडायचे आणि मगच ऑर्डर द्यायचे. लॅम्ब करी, चिकन करी, व्हेजिटेबल करी, सगळ्यांवर एकेक सरळ रेघ. खोडून झालं की पेनला टोपण लावून वेटरला शांतपणे सांगायचे की करी नावाचा पदार्थ माझ्या आईने जन्मात केला नाही, तुझ्याही आईने केला नसेल, मग आपण दोघांनी एकमेकांना का फसवायचं. लीड्समधल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलाचे मालक बांगलादेशातल्या सिल्हेटचे. सुरुवातीला ते चिडले. मग त्यांनी एक जुनं मेन्यूकार्ड डॉक्टरांसाठी वेगळं काढून ठेवलं. डॉक्टर आले की तेवढंच त्यांच्या पुढ्यात यायचं. काही वर्षांनी त्यावर खोडायला शब्द उरला नाही, तेव्हा डॉक्टरांनी स्पेलिंगं तपासायला घेतली.

माझी त्यांची ओळख ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर झाली. सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लीड्समध्ये इंजिनिअरची नोकरी मिळाली होती आणि मी हॉस्पिटलच्या फार्मसीत नुकतीच लागले होते. एकदा कँटीनच्या कोपऱ्यात बसून मी चोरट्यासारखा डबा उघडला. वास जाऊ नये म्हणून झाकण अर्धंच सरकवलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठून आले, डब्यावर झुकले आणि मराठीत म्हणाले, "दगडफूल कुठून आणलंस?"

नाव नाही, गाव नाही. दगडावर उगवणारा तो काळपट पापुद्रा, जो मसाल्यात चिमूटभर घालतात आणि ज्याचं अस्तित्व निम्म्या महाराष्ट्राला ठाऊक नसतं, तो या माणसाने तीन फुटांवरून ओळखला होता. मी सांगितलं की आईने पार्सलने पाठवलंय. ते म्हणाले, झाकण पूर्ण उघड, लाज कसली वाटते. आणि मग त्यांनी अर्धा तास कँटीनच्या उकडलेल्या कोबीवर जे ताशेरे ओढले ते ऐकून माझी लाज कायमची गेली.

ते भूल देणारे डॉक्टर. कऱ्हाडकडचे, साठच्या दशकात इकडे आलेले, लग्न न केलेले. टेबलावर घेतलेल्या पेशंटला सुई टोचताना ते नेहमी एकच विचारायचे, घरी गेल्यावर पहिलं काय खाणार? पेशंट म्हणायचा, फिश अँड चिप्स. डॉक्टर त्याच्याबरोबर कुठली वाइन घ्यावी ते सांगू लागायचे आणि पेशंट झोपायचा. नर्सेस म्हणायच्या की यांना औषधाची गरजच नाही.

आता ही वाइन. डॉक्टरांचा जीव एकाच वाइनवर होता, तिचं नाव कोत-रोती. फ्रान्समध्ये रोन नदीच्या काठी उभ्याच्या उभ्या डोंगरउतारावर होणारी लाल वाइन. कोत म्हणजे उतार, रोती म्हणजे भाजलेला. उन्हाने भाजून निघालेला उतार. तरुणपणी ते बसने फ्रान्स बघायला निघाले होते आणि त्या नदीकाठच्या एका गावात बस बंद पडली. ही गोष्ट मी किमान पंधरा वेळा ऐकली आहे आणि दर वेळी बसचा वेगळा भाग मोडला आहे. पण पुढचं कधी बदललं नाही. तिथल्या एका बाईने त्यांना घरात बोलावून मेंढीच्या मटणाचा रस्सा आणि ग्लासभर वाइन दिली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांना आपल्या गावी भर उन्हाळ्यात अंगणात चाललेली मसाल्याची भाजणी दिसली. काळी मिरी, जळत्या कडेचं सुकं खोबरं, दगडफूल, आणि त्या सगळ्याखाली पिकलेलं जांभूळ. परक्या देशात, भाषा येत नसताना, तो माणूस त्या बाईच्या ओट्याजवळ ग्लास धरून उभा राहिला. बाईला वाटलं, वाइन खराब निघाली.

तेव्हापासून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला, आणि जग तो मान्य करत नाही म्हणून त्यांचा संताप. सिद्धांत असा, की ही वाइन काळ्या मसाल्याच्या मटणासाठीच जन्माला आली आहे, फ्रेंचांना ते माहीत नाही इतकंच. मसालेदार म्हणजे तिखट नव्हे, हे ते इतक्यांदा सांगायचे की मला झोपेत ऐकू यायचं. लाल वाइनला एक तुरटपणा असतो. मिरचीने तो चढतो, जीभ खरवडून निघते. पण मटणाच्या स्निग्धपणात तो विरतो, आणि खोबऱ्या-तिळाच्या वाटणात तर लोण्यासारखा होतो. म्हणून मिरची बेताची, चिंच नाही, लिंबू तर नाहीच. बाटली दोन तास आधी उघडायची. इंग्लंडातल्या गरम केलेल्या घरात ठेवायची नाही, मागच्या दाराबाहेर पायरीवर ठेवायची. आमच्याकडे जेवायला आले की ते आधी ताटातली लिंबाची फोड उचलायचे आणि खिडकीत नेऊन ठेवायचे. सतीशला लिंबाशिवाय वरणभात जात नाही. तो उठून फोड परत आणायचा. डॉक्टर पुन्हा न्यायचे. मी मध्ये पडायचं सोडून दिलं होतं.

मसाला ते स्वतः करायचे, बागेतल्या लाकडी शेडमध्ये, स्टोव्ह लावून. पहिल्या वर्षी शेजारणीने फायर ब्रिगेडला फोन केला. हेल्मेट घातलेले चार जण पाइप घेऊन शेडच्या दाराशी उभे, आणि डॉक्टर आत खोबरं परतत त्यांना सांगताहेत की आता हात थांबवला तर करपेल, तुम्ही पाच मिनिटं थांबा. ते थांबले. त्या शेजारणीवर मात्र डॉक्टरांचा राग वर्षभर होता. ती रविवारी दुपारी कोवळं लॅम्ब राखाडी होईपर्यंत भाजते तेव्हा मी पोलिसांना बोलावतो का, असं ते मला विचारायचे.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं एक वाइन सर्कल होतं. महिन्यातून एकदा जमायचे, बाटल्यांवर कागद गुंडाळून चव घ्यायची आणि काय वाटलं ते लिहून द्यायचं. अध्यक्ष होते सर्जन मिस्टर हॅरग्रीव्ह. लालबुंद चेहरा, मोठा आवाज, हात मात्र सोन्याचे. त्यांच्या निम्म्याअधिक ऑपरेशनांना भूल डॉक्टरच द्यायचे. रेठरेकर या नावातला ठ त्यांच्या जिभेला झेपत नसे, म्हणून वीस वर्षं ते डॉक्टरांना नुसतं 'रेट' म्हणत होते.

डॉक्टरांनी एकदा सर्कलच्या कागदावर लिहिलं: जांभूळ, दगडफूल, भाजलेलं खोबरं. इंग्रजी लिपीत. हॅरग्रीव्हनी तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला, प्रत्येक शब्दाचा चुरा करत, आणि हसून सांगितलं की कृपा करून सर्वमान्य शब्द वापरावेत. सर्वमान्य शब्दांची एक छापील यादी होती: ब्लॅककरंट, व्हायोलेटची फुलं, सिगार बॉक्स. डॉक्टर तावातावाने माझ्या फार्मसीच्या खिडकीशी आले. म्हणाले, सिगारच्या डब्याची चव यांना सर्वमान्य वाटते, अलका, लाकडी डब्याची. आणि जांभूळ रानटी. तुरट या चवीला आपल्याकडे सहा रसांत मान आहे, यांना ती चव सांगताना तोंड वाकडं करून दाखवावं लागतं. माझ्यासमोर औषधांसाठी सहा माणसं रांगेत उभी होती. तरी मलाही तो राग आला. इतकी वर्षं आम्ही यांचे शब्द शिकलो, यांच्या हवामानावर यांच्याशी बोललो. तीन शब्द यांना शिकता येऊ नयेत?

त्याच सभेच्या शेवटी हॅरग्रीव्हनी असंही म्हटलं होतं, की करीबरोबर फक्त लागर बिअर चालते, चांगल्या वाइनचा करी खून करते. म्हणून डॉक्टरांनी सर्कलच्या आठही जणांना घरी जेवायला बोलावलं.

तो शनिवार मी विसरणार नाही. मी आणि सतीश सकाळपासून मदतीला. भरली वांगी माझ्याकडे, मसालेभात डॉक्टरांकडे, मटण तर त्यांनी आदल्या दिवसापासून कोणाला शिवू दिलं नव्हतं. दहा वर्षं जपलेल्या कोत-रोतीच्या चार बाटल्या मागच्या पायरीवर ओळीने उभ्या, आणि सतीशला तिथे खुर्ची टाकून बसवलेला, मांजर धक्का देईल म्हणून. घरातली लिंबं डॉक्टरांनी सकाळीच माझ्या गाडीच्या डिकीत टाकली होती.

हॅरग्रीव्ह आले ते हातात लागरचे सहा डबे घेऊन. विनोद म्हणून. दारात सगळे हसले. डॉक्टरांनी आभार मानले, डबे घेतले आणि सरळ बागेत जाऊन सगळे बशांत ओतून कोबीच्या वाफ्यात ठेवून आले. इकडे गोगलगायी मारायला बिअर ठेवतात, त्या बशीत पडून मरतात. परत येऊन हात पुसत त्यांनी सांगितलं की ज्यांची ती होती त्यांना दिली.

मग सगळे जेवायला बसले. सुरुवातीला बोलणं होतं, मग हळूहळू कमी झालं. काळं मटण वाढलं आणि टेबल गप्प झालं. मी कडेने बघत होते. एक तरुण भूलतज्ज्ञ बाई घोट घेऊन डोळे मिटून बसली होती. हॅरग्रीव्हनी एक घास खाल्ला, एक घोट घेतला, ग्लासाकडे पाहिलं, पुन्हा एक घास, पुन्हा घोट. त्यांनी तीनदा मटण घेतलं. तिसऱ्या वेळी वाढायची वाट न बघता स्वतःच पळी उचलली. डॉक्टरांच्या मिशा थोड्या हलत होत्या. मला वाटलं, झालं, जिंकले.

निघताना दारात कोट चढवत हॅरग्रीव्हनी त्यांचा हात मनापासून दाबला आणि म्हणाले, "लव्हली करी, रेट."

डॉक्टरांनी दार लावलं. आम्ही भांडी घासली. सोमवारी त्यांनी सर्कलचा राजीनामा दिला. ऑपरेशन थिएटरमध्ये दोघं रोज समोरासमोर असायचे, पण बोलणं पेशंटच्या रक्तदाबापुरतं. हे असं तीन-चार वर्षं चाललं. हॅरग्रीव्हना त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही, यावर डॉक्टरांचा सर्वांत जास्त राग होता. माणसाने अपमान करावा, पण निदान केला हे त्याला कळावं, असं ते म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हॅरग्रीव्हना घशाचा कॅन्सर निघाला. जिभेच्या मुळाशी. ऑपरेशन त्यांच्याच एका जुन्या शिष्याने करायचं ठरलं. भूल कोण देणार, असं विचारल्यावर त्यांनी एकच नाव सांगितलं. डॉक्टर माझ्या खिडकीशी येऊन कुरकुरले की दुसरा कोणी सीनियर रजेवर असेल म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. कोणीही रजेवर नव्हतं, ड्यूट्यांचा रोटा माझ्या समोरच्या भिंतीवर लावलेला होता.

थिएटरच्या सिस्टरने मला नंतर सांगितलं की सात तास डॉक्टर हॅरग्रीव्हच्या डोक्याशी बसून होते, चहालाही उठले नाहीत. आणि सुई टोचताना त्यांनी त्या दिवशी पेशंटला काहीच विचारलं नाही. घरी गेल्यावर काय खाणार, हा प्रश्न त्या माणसाला विचारता येण्यासारखा नव्हता. त्यांनी नुसता हॅरग्रीव्हच्या कपाळावर हात ठेवला.

ऑपरेशनमागून रेडिओथेरपी झाली. हॅरग्रीव्ह वाचले, पण तोंड कायमचं कोरडं पडलं आणि चव गेली. चमच्याने पातळ काहीतरी गिळायचे. नळी लावायची वेळ येईल असं बोललं जात होतं. त्यांच्यासाठी तोंड ओलं ठेवायचा एक स्प्रे आमच्या फार्मसीतून जायचा. एका गुरुवारी तो न्यायला कोणी आलं नाही. त्यांचं घर राउंडहेला, माझ्या वाटेवरच, आणि गुरुवारी मी दुपारीच सुटायची. म्हणून मी स्वतः घेऊन गेले.

त्यांच्या बायकोने, मार्गारेटने, दार उघडलं आणि मला मागच्या काचेच्या खोलीकडे नेलं. तिथे ऊन आलं होतं. हॅरग्रीव्ह वेताच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसले होते, निम्मे झालेले. समोर डॉ. रेठरेकर. मधल्या टेबलावर कोत-रोतीची बाटली आणि दोन ग्लास. मार्गारेट दारातच थांबली, म्हणून मीही थांबले. तिने हळू सांगितलं की डॉक्टर तीन महिने दर गुरुवारी येतात.

हॅरग्रीव्हना वाइन पिता येत नव्हती, जीभ चरचरायची. ते ग्लास फक्त दोन्ही हातांत धरून बसले होते. उन्हाकडे करून रंग बघत होते. मग घोगऱ्या, फुटक्या आवाजात म्हणाले, "वेल, रेट?"

डॉक्टरांनी आपला ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. मी आता जांभूळ येणार म्हणून वाट बघत होते.

"ब्लॅककरंट," डॉक्टर म्हणाले. "भरपूर. मग व्हायोलेट्स. आणि शेवटी, अगदी शेवटी, सिगार बॉक्स."

हॅरग्रीव्हनी डोळे मिटून मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "येस," ते म्हणाले. "आय हॅव इट."

मी स्प्रे मार्गारेटच्या हातात दिला आणि बाहेर गाडीत बसून राहिले. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर पडले. गाडी त्यांना चालवता येत नव्हती, बसने यायचे. मी हॉर्न वाजवला. मला पाहून ते वरमले आणि लगेच चिडले, की फार्मसीवाल्यांनी लोकांच्या घरी यायचं काय कारण. बसले मात्र. जरा पुढे गेल्यावर मी न राहवून विचारलं, ही यादी तुम्ही म्हटलीत? सिगार बॉक्स?

ते एकदम कडाडले. "त्या माणसाच्या तोंडात थुंकी उरलेली नाही, अलका, आणि मी त्याला जांभूळ शिकवत बसू? आयुष्यभर ज्या शब्दांनी त्याने चव घेतली, त्याच शब्दांनी ती त्याच्यापर्यंत जाईल ना? काय समजतेस काय तू मला?"

मी माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, आजची बाटली खरंच कशी होती?

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी पितो कुठे. त्याच्यासमोर घोट घेववत नाही."

पुढच्या वसंतात हॅरग्रीव्ह गेले. चर्चमध्ये डॉक्टर शेवटच्या बाकावर बसले होते, माझ्या शेजारी. पाद्र्याने हॅरग्रीव्हचं वय चुकीचं सांगितलं, त्यावर ते अख्खी प्रार्थना होईपर्यंत धुसफुसत होते. बाहेर आल्यावर ते मार्गारेटसमोर नुसते टोपी हातात घेऊन उभे राहिले. ती आठवड्याभराने मुलीकडे ब्रिस्टलला राहायला गेली. घर विकायला काढलं.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला डॉक्टर माझ्या खिडकीशी आले. आता ते रिटायर झाले होते, हॉस्पिटलमध्ये त्यांचं काही काम नव्हतं. त्यांनी आधी बसचं वेळापत्रक कसं भिकार झालंय ते सांगितलं. मग लिफ्ट बंद आहे ते सांगितलं. मग कौन्सिलने त्यांच्या गल्लीतली झाडं किती अडाणीपणाने छाटली ते सांगितलं. मी ऐकत होते. सगळं सांगून झालं तरी ते जाईनात. काउंटरवरचा पत्रकांचा गठ्ठा त्यांनी नीट केला, पुन्हा विस्कटला, पुन्हा नीट केला.

"तुला गुरुवारी दुपारी काय असतं?" त्यांनी पत्रकांकडेच बघत विचारलं.

त्या वर्षीपासून माझी ड्यूटी बदलली होती. गुरुवारी दुपारी आठ वॉर्डांची औषधं भरून जायची असायची, आणि आठवड्यातला तोच एक दिवस मला मान वर करायलाही फुरसत नसायची.

"काही नाही," मी म्हटलं, आणि एप्रन काढून खुंटीला लावला.